उपाशी ड्रॅगन आणि नसलेली रांग

"लिहून घे, तेल्मो," दाजी म्हणाले. "एवारिस्तो पेनाल्बा. वय एकसष्ट, नजर पंचविशीची. उंची मध्यम, बुद्धी नाही."

"बुद्धी नाही?"

"मध्यम नाही, असं. स्वभाव शांत, शत्रू असंख्य. मुर्सिया प्रांतात गेल्या दोन वर्षांत एकही मोठं रहस्य शिल्लक राहिलेलं नाही. याचं श्रेय लोक पोलिसांना देतात. मी हसतो आणि गप्प बसतो."

यातलं हसणं खरं आहे. गप्प बसणं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या. माणूस लिफ्टमध्ये खरा कळतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून बहिणीच्या स्वयंपाकघराचा तपास करू लागले. ऑलिव्हच्या बरणीतली पातळी रोज खडूने आखून ठेवायचे. दोन महिन्यांनी बहिणीने मला बोलावलं. माझं चपलांचं दुकान तेव्हा नुकतंच बंद पडलं होतं. ती म्हणाली, "तेल्मो, तू रिकामा आहेस. याला घेऊन बाहेर जा. कुठे ते विचारू नकोस, फक्त बाहेर." अशा रीतीने मी गुप्तहेराचा मदतनीस झालो.

दाजींची निरीक्षणशक्ती कुठे तयार होते तेही सांगतो. रोज सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत जातो. दाजी दारातूनच विचारतात, "शेवटचं कोण?" एखादी बाई पावांवरची नजर न काढता बोट वर करते. "आणि तुमच्या आधी?" ती कुणाकडे तरी हनुवटी उडवते. मग आम्ही समोरच्या बारमध्ये जाऊन कॉफी पीत बसतो आणि दाजी काचेतून बेकरीतल्या माणसांवर तर्क चालवतात.

"ती निळ्या झग्यातली. विधवा आहे. खांदे बघ."

निळ्या झग्यातल्या बाईचा नवरा त्या वेळी आमच्याच शेजारी उभा राहून कॉफी ढवळत होता. मी हळूच दाखवलं. दाजींनी त्याच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

"बिचारा," ते म्हणाले. "त्याला अजून कळलेलं नाही."

याच बारमध्ये, जुलैच्या दुसऱ्या सोमवारी, सेन्योर ओर्दुन्यांचा फोन आला.

ओर्दुन्या म्हणजे लिमोनार पार्कचे संचालक. गावाबाहेर जिथे लिंबांच्या बागा होत्या तिथे हा पार्क उभा आहे, पाळण्यांचा, घसरगुंड्यांचा, होड्यांचा. संचालक मात्र माद्रिदला बसतात. एकदा ते सतरा मिनिटं लिफ्टमध्ये अडकले होते आणि दाजी बाहेरून त्यांना धीर देत होते. लिफ्ट आपोआप सुरू झाली. तेव्हापासून ओर्दुन्यांना वाटतं की दाजी फार कर्तबगार आहेत, आणि दाजींचंही मत तेच आहे.

प्रकरण असं होतं. पार्कमध्ये 'ड्रॅगनची गुहा' नावाची होडी आहे. सहा जणांची होडी, अकरा मिनिटं अंधाऱ्या गुहेतून फिरते, आत गारेगार. बाहेर बेचाळीस अंश. साहजिकच रांग लागते. रांगेतल्यांना कंटाळा येऊ नये म्हणून एका तरुण इंजिनिअरने दोऱ्या लावलेल्या वाटेच्या भिंतीवर खेळ बसवला आहे. भिंतीत तळहातांचे साचे आहेत. शेजारी उभ्या असलेल्या चार अनोळखी माणसांनी एकाच वेळी हात टेकवले की पडद्यावरच्या ड्रॅगनच्या पिल्लाला एक लिंबू मिळतं, ते लिंबू खाऊन पिल्लू "वाहवा!" म्हणतं आणि फलकावर गुण चढतात. कोणीच खेळलं नाही तर ते दर दोन मिनिटांनी "भूक लागली!" म्हणून गळा काढतं. या हातांवरूनच रांगेत किती माणसं आहेत ते माद्रिदला कळतं; वर वाटेवर एक कॅमेराही आहे.

आणि जुलै लागल्यापासून रोज सकाळी माद्रिदला कळत होतं की रांगेत शून्य माणसं आहेत. होड्या मात्र भरून जात होत्या.

शिवाय तक्रारी. ओर्दुन्यांनी एक फोनवर वाचून दाखवली. "मी रांगेत पहिला होतो. माझ्यापुढे कोणीही नव्हतं. तरीही माझ्याआधी अकरा बायका गेल्या."

"फाटकावर रेमेदियोस नावाची बाई आहे," ओर्दुन्या म्हणाले. "त्याच गावची. आपल्या माणसांना मधेच घुसवते, दुसरं काय! पण कुठून घुसवते ते कळत नाही. शुक्रवारी मी येतोय. कसं करते तेवढं शोधा. त्याच दिवशी तिला काढणार."

दाजींनी फोन ठेवला आणि उठले. "तेल्मो, रिकामी रांग आणि भरलेली होडी. माणसं हवेतून येतात. असं प्रकरण शतकातून एकदा येतं."

"आपला नंबर गेला," मी म्हणालो. समोरून बेकरीवाली हातवारे करत होती.

* * *

रेमेदियोसला सगळे रेमे म्हणतात. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली, बोलायला तोडून टाकणारी. चौदा वर्षं त्या फाटकावर. स्पष्टच सांगतो, मला ती पाहताक्षणी आवडली. पायात तिने खऱ्या सुतळीच्या तळव्याच्या चपला घातल्या होत्या, आणि हल्ली ते कोण करतं?

दाजींनी वही उघडली. "मी विचारेन तेवढ्याचंच उत्तर द्या. काल सकाळी ज्या बायका होडीत बसल्या, त्या रांगेत होत्या का?"

"होत्या की."

"कॅमेऱ्यात रांग रिकामी आहे."

"मग कॅमेरा चुकतोय."

"कुणाच्या मागे होत्या?"

"एकमेकींच्या. रांगेत आणखी कुणाच्या मागे असतात?"

"आणि दुसरी तक्रार जिची आहे त्या पोरीचं काय? सर्वांत पुढे होती ती पोरगी. तिच्याआधी पाच जणी गेल्या."

"त्यांचा नंबर तिच्याआधी होता."

"कशावरून?"

रेमेने माझ्याकडे पाहिलं, जणू याला घरी कोणी काही शिकवलं नाही का असं विचारत होती. "कशावरून म्हणजे? त्यांचा नंबर होता म्हणून."

दाजींनी वही मिटली. दूर आल्यावर म्हणाले, "मुरलेली आहे. एकही प्रश्न चुकली नाही. निरपराध माणूस निदान दोन तरी चुकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दाजी वेष पालटून आले. जर्मन पर्यटक. सँडलमध्ये गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, डोक्यावर गवताची टोपी, आणि उन्हाने भाजल्यासारखं दिसावं म्हणून नाकाला माझ्या बहिणीची लिपस्टिक. ते थेट दोऱ्यांच्या वाटेत शिरले आणि फाटकाशी सर्वांत पुढे जाऊन उभे राहिले. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. मी पाळत ठेवायला समोरच्या तुतीखाली बसलो. तिथे गोलाकार दगडी कट्टा आहे, दाट सावली आहे आणि गावातल्या दहा-बारा बायका आपापल्या पिशव्या घेऊन बसलेल्या होत्या. पार्क त्यांच्याच जमिनीवर उभा राहिला म्हणून गावकऱ्यांना वर्षभराचा पास आहे. एक येत होती, एक जात होती, आल्या-गेल्यांची नेहमीची विचारपूस चालली होती. कोणी सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होतं, कोणी पंखा फटकन उघडत होतं, फटकन मिटत होतं. एक माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही आहात का?"

"नाही, मी नुसता बसलोय," मी म्हणालो. ती "बरं" म्हणून पलीकडे गेली.

"भूक लागली!" तिकडे ड्रॅगन रडला.

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. तपास कितीही गंभीर असो, कोणी उपाशी आहे म्हटल्यावर त्यांना राहवत नाही. त्यांनी दोन साच्यांवर दोन हात ठेवले. काही झालं नाही. तिसऱ्यावर गुडघा. चौथा साचा उंचावर होता, त्यावर कपाळ. "वाहवा!" ड्रॅगन ओरडला आणि फलकावर एक गुण चढला.

तेवढ्यात रिकामी होडी आली. तुतीखालची एक आजी उठली, दोरी उचलून वाकली, पलीकडची दोरी उचलून पुन्हा वाकली आणि फाटकाशी पोचली. या फुएन्सांता आजी. वय ऐंशीच्या पुढे, काळे कपडे, हातात पंखा. त्यांच्यामागे आणखी पाच जणी. भिंतीला चिकटलेल्या दाजींकडे आजींनी क्षणभर पाहिलं.

"काय झालंय या माणसाला?"

"परदेशी आहे," रेमे म्हणाली.

"असं होय. बिचारा." आणि सहाही जणी होडीत बसून गेल्या.

पन्नास मिनिटांत अशा चार होड्या सुटल्या. दाजी सर्वांत पुढेच होते आणि सर्वांत पुढेच राहिले. शेवटी मोज्यांतून घाम गळायला लागला तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

* * *

पुढचे दोन दिवस तर्कांचे होते.

पहिला तर्क पक्ष्याचा. तुतीखाली दाजींना टरफलांचा ढीग सापडला. त्यांनी तो चिमटीने पाकिटात भरला. "बिया खाणारा एक प्रचंड पक्षी. साधारण टर्कीएवढा. शिकवलेला. तो कॅमेऱ्यापुढे बसतो आणि माणसं दिसत नाहीत."

"दाजी, त्या बायका सूर्यफुलाच्या बिया खातात."

"सगळ्याच? एकाच वेळी? योगायोगावर माझा विश्वास नाही."

दुसरा तर्क पंख्यांचा. फट, फटफट, फट. दाजींनी दोन तास बसून ते सगळे फटकारे कागदावर उतरवले आणि रात्री तारायंत्राच्या लिपीत लावून पाहिले. मजकूर निघाला: ट ट ट म ट. "हे कुणाचं तरी आडनाव आहे," ते म्हणाले.

मला स्वतःला एकच गोष्ट खटकली होती. दुकान गेलं तरी धंद्याची सवय जात नाही, मी माणसाच्या आधी पाय बघतो. त्या सगळ्या बायका घरातल्या कापडी सपाता घालून आल्या होत्या. "दाजी, या सपातांत कोणी दहा मिनिटं उभं राहू शकत नाही. त्याला जाड तळवा लागतो. म्हणजे त्या कधी उभ्याच राहत नसणार."

दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेल्मो, चपलांतून बाहेर ये."

मी आलो. आजही त्याचा पश्चात्ताप होतो.

तिसरा तर्क टोळीचा. माद्रिदहून मंगळवारची मोजणी आली होती. सकाळभर रांगेत शून्य माणसं, आणि दहा वाजून बारा मिनिटांनी अचानक चार. दाजी खुर्चीतून उठलेच. "चार जण! एका मिनिटासाठी आले, एक लिंबू दिलं आणि गायब. मी स्वतः तिथे हजर असताना! तेल्मो, ही माणसं माझ्या नाकाखाली होती."

"दाजी, ते चौघं तुम्हीच. दोन हात, गुडघा आणि कपाळ."

त्यांनी स्वतःचा गुडघा निरखून पाहिला. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "त्यांनी माझीच वेषांतरं केली होती."

चौथा तर्क माझ्यामुळे निघाला, आणि तो मी सांगायला नको होता. एक बाई मला "तुम्ही आहात का?" असं विचारून गेली होती, हे मी बोलून बसलो. दाजींचे डोळे चमकले. "खूण! हा परवलीचा प्रश्न. बरोबर उत्तर देणाऱ्याला आत घेतात. तू चुकीचं उत्तर दिलंस."

बुधवारी ते स्वतः तुतीखाली जाऊन उभे राहिले. नाकावरची लिपस्टिक अजून पुरती गेली नव्हती. फुएन्सांता आजी कट्ट्यावर सरकून बसत म्हणाल्या, "काय हो, तुम्ही आहात का?"

"मी आहे," दाजी छाती काढून म्हणाले, "आणि सदैव राहीन."

"राहा बापडे. मग माझ्यामागे."

दाजींनी मला डोळा मारला. त्यानंतर आजी उठून सरबताच्या गाड्यावर गेल्या, दाजी मागे. आजी नळावर तोंड धुवायला गेल्या, दाजी मागे. आजी बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्या, आणि दाजी दाराबाहेर उभे राहिले. बाहेर येऊन आजींनी पंखा मिटला आणि त्यांच्या डोक्यावर हाणला.

"मेल्या, वयाचा तरी मान ठेव! माझ्या की तुझ्या, कोणाच्या तरी!"

तुतीखाली हसून हसून एकीच्या बिया सांडल्या. दाजी टाळू चोळत माझ्याकडे आले. "टोळीची म्होरकी हीच. तिला कळलं की मला कळलंय."

* * *

गुरुवारी दाजींनी अहवाल लिहायला घेतला. मला शब्द न शब्द टिपायला लावला. चौघांची टोळी, एक शिकवलेला पक्षी, पंख्यांचे निरोप, आणि या सगळ्याचं केंद्र फाटकावरची बाई. शेवटचं वाक्य होतं: "रेमेदियोस ही रांग मोडणारी स्त्री आहे, यात तिळमात्र शंका नाही."

मी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिणार नाही."

"का?"

"कारण ते खरं नाही."

"मग खरं काय आहे?"

इथेच माझी पंचाईत होती. खरं काय ते मला कुठे ठाऊक होतं? मला राग आला होता, तो दाजींचा नव्हे, माझाच. तीन दिवस त्या झाडाखाली बसलो आणि हाती काय लागलं, तर सपाता. दाजींनी ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

दुपारी मी दोन पेले बर्फाचं लिंबू सरबत घेऊन फाटकावर गेलो. रेमेने एक घेतला, थँक यू वगैरे काही म्हणाली नाही, अर्धा पेला एका दमात प्यायली.

"उद्या काढणार ना मला?"

मला खोटं बोलता आलं नाही. "तुम्ही साहेबांना नीट का नाही सांगत?"

"तीनदा सांगितलं! म्हटलं, सगळ्या रांगेत होत्या. एकीचाही नंबर चुकला नाही. ते पडदा दाखवतात. पडद्यावर भिंत आणि तो रडका ड्रॅगन. मी तरी आणखी काय सांगू? पाणी ओलं असतं हे कसं समजावतात?" तिने पेला कठड्यावर ठेवला. "नोकरी गेली तर जाईल. लिंबं तोडायला जाईन, हात आहेत मला. पण चौदा वर्षांत कुणाची पाळी मी मारली नाही हो. महापौरांच्या पोराला मी मागे पाठवलंय. आणि आता जाऊ ते रांग मोडणारी म्हणून? माझी आई अजून जिवंत आहे. बाजारात तिला कोणी नंबर लावू देईल का?"

तिचे डोळे भरले. ते दिसू नये म्हणून ती ड्रॅगनकडे वळून ओरडली, "गप रे!"

"भूक लागली," ड्रॅगन म्हणाला.

* * *

शुक्रवारी अकराला ओर्दुन्या आले. कार्यालयातलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून सुनावणी पार्कच्या प्रथमोपचार खोलीबाहेरच्या जागेत ठेवली. चार भिंती, भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर नर्सचं बंद दार. रेमे पहिल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली. तिच्याशेजारी मी. पुढे दाजी, आणि कोपऱ्यात ओर्दुन्या, दाजींच्या अहवालात नाक खुपसून.

"पक्षी?" ओर्दुन्या म्हणाले.

"अदमासे टर्कीएवढा," दाजी म्हणाले.

"पक्ष्याचं नंतर बघू." त्यांनी पान उलटलं. "रेमेदियोस, शेवटचं विचारतो. त्या बायका रांगेत उभ्या होत्या, असंच तुमचं म्हणणं आहे ना?"

"उभ्या होत्या असं मी कधीच म्हटलं नाही. रांगेत होत्या म्हटलं."

"म्हणजे काय? शब्दांचे खेळ नकोत. मग माझ्यापुढे एकच मार्ग उरतो." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बडतर्फीचा कागद मांडीवर घेतला. रेमेने मान खाली घातली. मला वाटलं, आता उठावं आणि काहीही बोलावं, पक्ष्याची शपथ घ्यावी, पण काहीतरी बोलावं.

तेवढ्यात दार ढकलून फुएन्सांता आजी आत आल्या. शुक्रवार हा त्यांचा रक्तदाब मोजून घ्यायचा दिवस. त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि सगळ्यांना मिळून विचारलं,

"शेवटचं कोण?"

"मी," ओर्दुन्या कागदावरची नजर न काढता म्हणाले.

"आणि तुमच्या आधी?"

ओर्दुन्यांनी पेनाने दाजींकडे दाखवलं. "हे."

"बरं." आजींनी पंखा फटकन उघडला आणि पार पलीकडच्या भिंतीला, खिडकीजवळ, वारा येतो तिथे जाऊन बसल्या.

ओर्दुन्यांचं पेन सहीच्या जागेवर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं. मग त्यांनी मान वर केली. आधी आजींकडे पाहिलं. मग स्वतःच्या पेनाकडे, जे अजून दाजींच्या दिशेला जरासं कललेलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "आत्ता तुम्ही काय केलंत?"

"नंबर लावला."

"पण तुम्ही तर तिकडे बसलात. माझ्या मागे नाही."

"तुमच्या मागेच आहे की. तुम्ही आत गेलात की मी. तिकडे ऊन येतं."

"आणि गुहेच्या होडीला? तिथेही असंच करता?"

"मग काय, त्या भट्टीत उभी राहू? गुडघे आहेत मला, बाळा. तुतीखाली विचारायचं शेवटचं कोण, आपल्यापुढे कोण ते डोक्यात ठेवायचं, आणि बसायचं. ती उठली की आपण उठायचं. आम्ही सगळ्या तसंच करतो. तिथे एक बिचारा जर्मन आहे, त्याला माहीत नाही, तो भिंतीला डोकं लावून उभा असतो."

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी हसावं की रडावं ते मला कळेना. तीन दिवस तो प्रश्न माझ्या कानावरून शंभर वेळा गेला असेल. आणि "तुम्ही आहात का?" म्हणजे रांगेत आहात का, एवढंच होतं. रोज सकाळी बेकरीत मी तोच ऐकतो, तसाच नंबर लावून समोर कॉफी पीत बसतो. बायका एकमेकींना काय विचारतात तेवढं मी ऐकलं असतं तर मंगळवारीच प्रकरण संपलं असतं. पण जे आपण रोज करतो त्याचा कोण तपास करतो?

ओर्दुन्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "माझी आई मासळीबाजारात अशीच नंबर लावून पार्लरमध्ये केस करून घ्यायला जायची. परत यायची तेव्हा बरोबर तिची पाळी." त्यांनी बडतर्फीच्या कागदाची चौकोनी घडी केली, आणखी एक घडी केली आणि खिशात टाकली. "रेमेदियोस, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?"

"सांगितलं," रेमे म्हणाली. "तीनदा." आणि मग ती सगळ्यांसमोर रडली, हातांनी तोंड न झाकता, आणि मी माझा रुमाल दिला. तिने तो परत केलेला नाही.

नर्सने दार उघडलं. "पुढचं कोण?"

रेमे डोळे पुसत म्हणाली, "मी. पण मला काही झालेलं नाही. आजींना जाऊ दे."

"छे," आजी म्हणाल्या. "पाळी म्हणजे पाळी."

म्हणून आम्हा चौघांना एकामागून एक आत जावं लागलं. ओर्दुन्यांचा रक्तदाब जरा जास्त निघाला.

* * *

दाजींनी त्या रात्री नवा अहवाल सांगायला घेतला. "लिहून घे, तेल्मो. मला पहिल्यापासून संशय होता." मी लिहिलं. बहीण म्हणाली, लिही बाबा, निदान ऑलिव्ह मोजत नाही.

ओर्दुन्यांनी इंजिनिअरला पाठवून तळहातांचे चार साचे तुतीच्या कट्ट्यावर बसवून घेतले. आजी आता शेजारच्या तिघींबरोबर बिया खाता खाता डाव्या हाताने ड्रॅगनला लिंबू देतात. पिल्लू चांगलं बाळसेदार झालं आहे.

पुढचा मंगळवार रेमेच्या सुट्टीचा नव्हता, म्हणून मी पार्कला निघालो; मला होडीत बसायचं आहे, असं दाजींना सांगितलं. तेही आले, या वेळी वेष न पालटता. मी तुतीखाली गेलो, विचारायचं ते विचारलं आणि बसलो. दाजी मात्र थेट दोऱ्यांच्या वाटेने फाटकाशी गेले आणि सर्वांत पुढे उभे राहिले. रहस्य उलगडणाऱ्याला एवढा मान असतोच, असं त्यांना वाटलं असावं. तीन होड्या गेल्या. चौथी आली तेव्हा त्यांनी फाटकावर टकटक केलं.

"बाई, आता माझी पाळी."

रेमेने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमच्या आधी कोण आहे, साहेब?"

दाजींनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. वाट अगदी मोकळी होती.

"कोणीच नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"मग तुम्ही रांगेत नाहीच."

दाजी तसेच उभे राहिले. एकसष्ट वर्षांचा माणूस, कपाळावर घाम, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. मला एकदम त्यांची फार दया आली. ते माझे दाजी आहेत, आणि बहिणीने त्यांना माझ्यावर सोपवलं आहे. मी तुतीखालून हात वर केला.

"शेवटचा मी आहे, दाजी! या इकडे."

ते आले. दोरीखालून वाकून, मग दुसऱ्या दोरीखालून वाकून. आजींनी पिशवी उचलून जागा केली. दाजी बसले आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले,

"आणि तुझ्या आधी कोण?"